मापात पाप

माझा बाप पाणी मोजायचा.
वाळूच्या पोटातल्या बोगद्यातून कोसभर चालत आलेलं पाणी
खजुरीच्या बागांशी उजेडात यायचं, तिथं तो बसायचा
भोकं पाडलेली तांब्याची पाटी आडवी धरून.
नको ती भोकं ओल्या मातीनं बुजवायचा आणि पुकारायचा :
बर्काच्या घराला तीन हब्बा,
विधवा मसऊदाला एक,
आणि एकाचा चोविसावा भाग मशिदीतल्या डाळिंबाला.
हब्बा म्हणजे दाणा.
आमच्याकडे पाणी दाण्यांनी मोजतात.
मापात पाप करणाऱ्याच्या कबरीवर
दव पडत नाही, तो म्हणायचा.

त्या हिवाळ्यात ट्रक आले.
दुभाष्यानं प्रत्येकाच्या गळ्यात एक बिल्ला बांधला,
काडेपेटीपेक्षा लहान, काळा, बंद.
आमच्या घरात आठ.
फत्तूम चार वर्षांची, तिला वाटलं ईद आहे.
हा मोजतो, दुभाष्या म्हणाला.
काय मोजतो, ते त्यालाही सांगितलेलं नसावं.
उद्या पहाटे घराबाहेर या, वाळूत पालथे पडा,
डोळे दाबून धरा. भिंती पडतील, माणसं नाही.

सगळे पालथे पडले.
बाप तेवढा नव्हता. रात्री वारा सुटलेला,
बोगद्यात वाळू साचली, उपसायची पाळी त्याची.
पाळी चुकवायची त्याला माहीतच नव्हती.
म्हणून त्यानं ते खालून पाहिलं :
हवेसाठी खणलेल्या विहिरी, एकामागे एक, साठ-सत्तर,
आणि प्रत्येकीतून एकदम
उजेड खाली उतरला, पाण्यावर उभा राहिला.
आयुष्यात पहिल्यांदा त्याला अख्खा बोगदा दिसला,
छतावर आजोबाच्या कुदळीचे घाव,
एकेक घाव, मोजता येईल असा.
मग आवाज आला.
मग बराच वेळ काहीच नाही.

चार दिवसांनी ते बिल्ले घ्यायला आले.
बापानं विचारलं, माझ्या वाट्याला किती आलं?
पाणी मोजणारा माणूस, दुसरं काय विचारणार.
दुभाष्या हसला नाही, हे त्याचं चांगलं.
ते तुमच्यासाठी नाही, म्हणाला.
बापानं सात बिल्ले परत दिले.
आठवा हरवला म्हणाला, शेळीनं दोरी खाल्ली.
त्याच्या जन्मातलं तेवढं एक कमी माप.

तो बिल्ला त्यानं कुणाकुणाला दाखवला.
शाळामास्तरला. आद्रारच्या औषधवाल्याला.
मार्सेयमध्ये गोदीवर राबून आलेल्या एका ड्रायव्हरला.
वाचा की, म्हणायचा, लिहिलंय ना आत.
तोवर मसऊदाच्या डोळ्यांवर साय धरली होती.
बर्काची सून तीनदा बाळंत झाली आणि पाळणा एकदाच हलला.
त्या वर्षी खजूर झाडावरच सुकले.
दुष्काळातही सुकतात, कोण सांगणार?

ते गेले तेव्हा तारा, पत्रे, नळ्या
वाळूत पुरून गेले. आमच्या पोरांनी उकरून काढले.
तांबं असं फुकट कधी मिळत नाही.
हम्मू लोहारानं त्याची नवी पाटी घडवली बापासाठी,
भोकं इतकी नेटकी की तो रात्रभर
बोट घालून घालून बघत राहिला.
तेवीस वर्षं गाव त्या पाटीतून प्यालं.
बाप शेवटी गिळू शकत नव्हता.
गळ्याला गाठ, बिल्ला असायचा बरोबर तिथं.
कापडानं ओठ ओले करायचो. अर्धा हब्बाही नाही.

परवा राजधानीहून एक पोरगा आला, यंत्र घेऊन.
शिकलेला, नम्र, बूट काढून आत आला.
बिल्ला उलटसुलट पाहिला.
आतली फिल्म कधीच मेली, काका, म्हणाला,
आता काही दिसायचं नाही.
मग यंत्र हम्मूच्या पाटीजवळ नेलं
आणि ते टकटकायला लागलं,
आधी सावकाश, मग जसे
पत्र्यावर दाणे ओतावेत.

किती, मी विचारलं.
त्यानं आकडा वहीत लिहिला. वही मिटली.
फत्तूमनं चहा आणला, पुदिना घालून, तीन वेळा उंचावरून ओतून.
त्यानं घेतला नाही.
उपास आहे, म्हणाला.

तो उपासाचा महिना नव्हता.