एकास शंभर

मगदूम काकांचं जहाज अडीच हात लांब.
एकास शंभर. चार वर्षं खपून केलेलं.
कठड्याला मिरजेहून आणलेल्या
सतारीच्या टाकाऊ तारा.
"फोटो काढा," म्हणाले,
"पण टेबल दिसता कामा न्हाई."

खणभागातल्या त्यांच्या खालच्या खोलीत
मी सामान लावलं. खिडक्या बंद. ट्यूब बंद.
सूर्य एकच असतो.
दोन दिवे लावले की डोलकाठीला
दोन सावल्या फुटतात
आणि खोटं तिथंच उघडं पडतं.
उजवीकडे एक दिवा, उंच.
त्याच्यापुढे बेकरीतला बटरपेपर ताणला:
उन्हाची धार गेली, सकाळ झाली.
डाव्या अंगाला गेल्या गणपतीच्या मखराचा थर्माकोल;
सावलीत बुडालेली पत्र्याची शिवण
हळूच वर आली.
मागे राखाडी निळा कागद, चांगला सहा फूट लांब,
धूसर, क्षितिजासारखा.

मग ब्रशने धूळ झाडली. पिवळी,
हळदीच्या गोदामांकडून आलेली.
डेकवर एक कण राहिला
तर फोटोत लिंबाएवढा दिसतो.

समुद्राचं मात्र अडलं.
निळं रेक्झिन झालं, चुरगळलेला सेलोफेन झाला.
काकांनी माळ्यावरची लग्नातली परात काढली,
पाणी ओतलं, जहाजाची नाळ तेवढी त्यात टेकवली.
मी भिंगातून पाहिलं.
नाळेवर लोंबणारा थेंब भोपळ्याएवढा.
"सगळं लहान करता येतं काका.
पाणी लहान होत नाही."
ते भिंतीकडे बघत होते.
एकोणीस सालची रेघ तिथं, माझ्या डोक्याच्या वर,
रंगाचे दोन हात देऊनही तशीच.
"व्हय," म्हणाले, "ठावं हाय."

परत रेक्झिन अंथरलं.
कॅमेरा खाली घेतला.
"अजून खाली."
भिंग टेबलाच्या कडेला टेकलं.
"अजून. होडीत बसलेला माणूस बघतोय, असं."
"इतकं नेमकं कसं सांगता?"
"ह्याच दारातनं होडीत चढलो की.
मागं वळून घर बघितलं.
जोतं न्हाई, पायऱ्या न्हाईत,
पाण्यावर नुसतं वरचं घर.
चांगलं दिसत होतं, खरं सांगतो."
जरा थांबून, चष्मा सदऱ्याला पुसत:
"जहाज असं कधी बघितलंच न्हाई.
बारा वर्षं बॉयलरपाशी काढली.
समुद्र म्हंजे काय, तर
पायाखालची थरथर आन् घाम.
वर गेलो तरी जहाजातच की.
बाहेरनं कोण दाखवणार?"

ट्रायपॉड टेबलाबाहेर काढला,
भिंगाचा अर्धा गोल कडेच्या खाली.
नाळेपासून पिछाडीपर्यंत
सगळं रेखीव यायला हवं, म्हणून
छिद्र बारीक केलं, बावीसवर.
मग उजेडाला वेळ द्यावा लागतो:
आठ सेकंद.
बटणाला बोट लावायचं नाही, टायमर लावायचा,
पंखा बंद, श्वाससुद्धा बेताने.
पंच्याहत्तरीचे काका
शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून उभे.

तेरा फोटो झाले.
नवव्याला गल्लीतून पोत्यांचा टेम्पो गेला.
टेबल हललं असणार;
धुराड्याची कड दुहेरी आली,
सतारीच्या तारा धुरकट झाल्या.
मी तो पुसायला घेतला.
"थांबा."
वाकून, कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक लावून
बराच वेळ बघत राहिले.
डावा तळवा टेबलावर सपाट,
काहीतरी तापलंय का बघावं तसा.
"काका, हा हललाय."
"हललाय कसला?
इंजिन चालू हाय त्याचं."

बाकीचे बारा त्यांनी घेतले नाहीत.
पैसे मात्र तेराचे दिले.