पाच मापं

रखमानिनोवचा तिसरा वाजवायचाय, असं मी
ईस्ट स्ट्रीटमागच्या त्या घरात
पहिल्याच रविवारी सांगून टाकलं.
खोर्शेद मिस हसल्या नाहीत.
म्हणाल्या, पंजा दाखवा.

छत्तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात फिटर.
पोलादी पट्टी माझ्याच खिशातून निघाली.
अंगठा ते करंगळी, पावणेआठ इंच.
नववी पट्टी लागते,
दहावीला नुसतं नख पोचतं.
"तो बारावी गाठायचा," मिस म्हणाल्या,
आणि चहा ठेवायला आत गेल्या.

तरी मला तेच वादळ आवडतं.
सुरुवात कशी, दोन्ही हातांत एकच साधी चाल,
पाळण्याला झोका द्यावा तशी.
आणि मग पानं काळी होत जातात,
वारूळ फुटल्यासारखी.
ते कठीण आहे हे मागच्या रांगेतूनही दिसतं.
टाळ्या घामालाही पडतात.

चायकोव्हस्की वरातीत शोभेल.
शोपँ देखणा, पण त्याचा वाद्यवृंद म्हणजे
नवरदेवाचा धाकटा भाऊ,
हारतुरे धरून कोपऱ्यात उभा.
मोझार्टचा संथ भाग मी एकदाच उघडला.
सूर इतके थोडे
की लपायला जागाच नाही.

मिसनी दिला बीथोव्हेनचा चौथा. पूर्ण नाही,
सुरुवातीची पाच मापं.
पियानो एकटाच बोलतो, हळू.
जोर नाही, वेग नाही, उडी नाही.
माझ्या मनात आलं, एवढंच?

सात महिने झाले.
शतांश मिलिमीटरात भाग बसवणारी ही बोटं
आठ पट्ट्यांवर एका क्षणी टेकत नाहीत.
कुणीतरी आधी पोचतंच,
लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं.

दुसऱ्या पियानोवर मिस. त्या वाद्यवृंद.
माझं बरोबर आलं तरच त्यांनी उत्तर द्यायचं.
सांधे सुजलेले हात मांडीवर,
आणि दर रविवारी एकच शब्द:
पुन्हा.

काल तो शब्द आला नाही.
मी थांबलो, तर पलीकडून
भलत्याच पट्टीत, फार लांबून,
दोन गल्ल्या सोडून कुणी हाक मारावी तसं
उत्तर आलं. थोडं वाकडं.

मी पट्ट्यांकडेच बघत राहिलो.
खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.
"करंगळी पुढे आली," मिस म्हणाल्या.
मग जरा थांबून,
"दोघांचीही."