पत्र्यातलं भोक

पत्र्याला एक भोक आहे, बरोबर बाकाच्या वर.
साडेअकराला त्यातून उन्हाचा रुपया पडतो,
आधी व्हाइसवर, मग कानशीवर,
चारच्या सुमारास तेलाच्या डागात बुडतो.
पावसाळ्यात आम्ही खाली डबा ठेवतो.
बुजवायला एम-सीलची एक कांडी बास,
पण बाबालालचाचा म्हणतात, असू दे.
पंचवीस वर्षांमागं एक स्प्रिंग इथनं वर गेली,
ती अजून खाली यायची आहे.

जाताना वाटेत त्यांची डावी भुवई लागली.
तिचे दोन तुकडे अजून बोलत नाहीत एकमेकांशी.

पडवळांची जीप गगनबावड्याहून आलीय,
मागं काजूच्या दोन पोत्यांसकट.
भुईबावड्याच्या घाटात इंजिन बोंबलतं
आणि जीप जाग्यावर.
काल गिअरबॉक्स उतरवला.
आज बाकावर क्लच, पालथ्या ताटासारखा,
आत नऊ स्प्रिंगा,
गच्च दाबून बसवलेल्या नऊ जणी,
कारखान्यातनं निघाल्यापासून
एकदाही पाठ सरळ न केलेल्या.

सोमवार. उद्यमनगर बंद, म्हणजे प्रेस नाही.
जळक्या वाळूचा वाससुद्धा सुट्टीवर.
"घरात करू की," चाचा म्हणतात.
त्यांचे हात आता थरथरतात,
स्टुलावर बसून ते मांड्यांखाली ठेवतात
आणि तोंडानं काम करतात.

"आधी फडकं ओलं कर, वैजू.
फुंकर मारू नगंस, ती धूळ छातीत घर करती."
पुसलं.
"खूण कर. झाकणाला एक, प्लेटला एक.
परत घालताना दोघांनी एकमेकांस्नी ओळखाय पायजे."
पंचचे दोन ठिपके, समोरासमोर.
मग तीन लांब बोल्ट, आटे नखानं तपासलेले,
जाड वायसर, तेलाचा एकेक थेंब.
आवळत गेले. झाकण करकरलं, दबलं.
क्लचच्या तीन बोटांवरचे नट सोडले
आणि सगळा जोर माझ्या तीन बोल्टांवर आला.
दिसायला काहीच बदललं नाही.

"चष्मा."
चढवला.
"तोंड बाजूला. देवळात वाकल्यागत
वाकू नगंस त्याच्यावर.
आता सोड. अर्धा आटा. पुढचा.
अर्धा. पुढचा."

अर्धा. पुढचा.
बाहेर भंगारवाला ओरडत गेला.
अर्धा.
आई दोनदा जेवायला हाक मारून गेली.
पुढचा.
नवव्या फेरीला मला वाटलं, आलंच आता,
आणि एक नट मी पुरता फिरवला.

झाकण एका बाजूला कललं.
आतून एक आवाज आला, बारीक,
दात खाल्ल्यासारखा.

चाचांचा हात मांडीखालनं कधी निघाला
मला दिसलं नाही. तो माझ्या हातावर होता.
"मागं घे."
घेतलं. जे सोडलं होतं ते परत आवळलं,
आणि पाना आम्हा दोघांच्या मुठीत
किणकिण वाजत राहिला.
ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
"हं. अर्धा," म्हणाले.

बाविसाव्या फेरीला नट नुसत्या बोटानं फिरला.

झाकण उचललं.
मी श्वास धरून होते कशासाठी तरी.
मोकळी झालेली स्प्रिंग काही करत नाही.
उभी राहते. धक्का लागला तर आडवी होते.
नऊ जणी पेपरवर ओळीनं मांडल्या,
निविदा नोटिसांच्या पानावर,
आणि पट्टी लावली.
आठ सारख्या. एक दोन सूत आखूड.

"हीच घाट चढत नव्हती," चाचा म्हणाले.
तिला तळहातावर उभी केली.
हात थरथरत होता, ती डुलत होती,
पडत नव्हती.
बराच वेळ बघत बसले.

उन्हाचा रुपया तोवर
सरकत स्टुलापाशी आला होता.
चाचांनी वर पाहिलं, भोकाकडं,
आणि सवयीनं
थोडे बाजूला सरकले.