कूस

पहिल्या रात्री दीक्षाला मी एवढंच सांगितलं:
चादर ओढायची नाही, उचलायची.
ओढली की कातडी सोलवटते,
आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी म्हणजे
दुधावरची साय, गं.

एक हात खांद्याखाली. दुसरा कमरेखाली.
वजन पाठीवर घेऊ नकोस, मांड्यांवर घे.
माझी पाठ बघ,
बावीस वर्षांची नोकरी तिथंच साठली आहे.

दहा, बारा, दोन, चार, सहा.
डावी कूस, उताणं, उजवी कूस.
टाच बघायची, माकडहाड बघायचं,
कानाची पाळीसुद्धा.
लाल दिसलं तर बोटानं दाब:
पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर ठीक,
लालच राहिलं तर सिस्टरला उठव.
ती चिडेल. चिडू दे.

लघवीची पिशवी जमिनीला टेकवायची नाही.
आकडा वाचून लिहायचा, अंदाजानं नाही.
आणि भांडं देताना बोलत राहा,
मेथीचा भाव, बसचा संप, काहीही.
उघड्या माणसाला तेवढंच पांघरूण.

माझ्या आईला कूस उजवणं तेवढं माहीत होतं.
माझा पगार कूस बदलण्याचा.
त्यातले अडीच हजार एजन्सी कापते.
बिल्ल्यावर मी 'सहायक',
वॉर्डात मी मावशी,
माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या माणसांचीसुद्धा.

नऊ नंबरचे ढोबळे,
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं.
तिथं हात थरथरून चालत नाही.
आता उजवा हात आम्ही उशीवर ठेवतो,
नाही ठेवला तर तो कुठंही पडून राहतो.
बोलणं गेलंय. डोळे राहिलेत.

डावीकडे वळवलं की खिडकी:
पर्वतीवरचे दिवे, कॅनॉलकडेची झाडं,
साडेपाचला स्वारगेटकडे वळणारी पहिली पीएमटी.
उजवीकडे वळवलं की भिंत,
ऑक्सिजनची नळी, एक वाळलेला डाग.
चारला भिंतीची पाळी येते.
चारलाच ते डोळे मिटून घ्यायचे, घट्ट.
झोपलेला माणूस असे मिटत नाही.
मी ते रोज बघितलं
आणि चार्टवर सही केली.

तिसऱ्या रात्री दीक्षा म्हणाली,
मावशी, खाटच फिरवली तर?
ऑक्सिजन भिंतीत आहे, म्हटलं, शहाणे.
सहा महिन्यांचा कोर्स केलास ना तू?

चौथ्या रात्री डब्याच्या पिशवीतून
तिनं आरसा काढला.
वीतभर, गुलाबी कडेचा, तुळशीबागेतला.
सलाइनच्या स्टँडला चिकटपट्टीनं बांधला,
स्वतः वाकली, ढोबळ्यांच्या उशीला डोकं लावलं,
जरा वर, जरा इकडे,
नाही, थांबा मावशी, अजून जरा.

चारला आम्ही त्यांना वळवलं.
साडेपाचला भिंतीत बस आली.
उलटी, चुकीच्या बाजूनं,
पण आली.

ते हसले, असं दीक्षा म्हणते.
मला नाही दिसलं,
मी सात नंबरचं भांडं धूत होते.

अकराव्या दिवशी त्यांचा मुलगा
कागद करायला खाली गेला, तेव्हा
नाकात कापूस, पायाचे अंगठे बांधलेले,
शेवटची कूस आम्ही दोघींनीच बदलली.
पोरगी काही शिकवावं लागलं नाही तशी
आपणहून पलीकडे जाऊन उभी राहिली.
चादर ओढली नाही तिनं.
उचलली.

आरसा अजून स्टँडलाच आहे.
रात्री सिस्टर त्यात बघून पिना खोचते
आणि विचारते, हा इथं कुणी लावला?
मी म्हणते,
दोन वाजले, सिस्टर.
आम्हाला नऊ नंबर वळवायचाय.