विल्फ डॉड्सचा कुत्रा

गाडी थांबायच्या आतच त्याला कळतं.
क्रेसवेलच्या वळणावर मागच्या सीटवरून
एक बारीक कुईं निघते, किटली तापत आल्यासारखी,
आणि काचेवर नाकाचा ओला शिक्का उमटतो
मागच्या रविवारच्या शिक्क्याशेजारी.
काच मी पुसत नाही.

पार्किंगमध्ये फलक: कुत्र्यांनी काय काय करू नये.
मी दर वेळी वाचून दाखवते, मोठ्याने.
तो खांबाशी तंगडी वर करून सही करतो.

नाव रिव्हेट. वय कागदावर अकरा,
विल्फच्या हिशेबाने तेरा.
कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, म्हणतात;
याला नळीत घालण्याइतकं शेपूटच नाही,
बोटभर खुंट, आणि तो हलवायला
अख्खा कुत्रा लागतो.

विल्फला होममध्ये नेलं त्या दिवशी
त्याच्या मुलीने पट्टा माझ्या हातात दिला,
"फक्त सोमवारपर्यंत."
तो सोमवार अजून यायचाय.
आणि मी अकोल्याची,
मामाच्या पोटातल्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट ऐकत वाढलेली,
गल्लीत कुत्रं दिसलं की दुसऱ्या फुटपाथने जाणारी.

विल्फची बोली त्याला पुरी यायची, मला अर्धीमुर्धी.
'हॉवे' म्हणजे चल, एवढं शिकले,
मग कंटाळून मराठीवर आले.
आता तो 'बस'ला बसतो, 'सोड'ला सोडत नाही,
'शहाणा कुठला' म्हटलं की
तोंड फिरवतो.

वाळूच्या टेकड्यांवरचं गवत पोटऱ्यांना कापतं.
ते ओलांडलं की एकदम सगळं करडं,
आकाश, पाणी,
रणगाडे अडवायला मांडलेले सिमेंटचे ठोकळे.
रणगाडे आलेच नाहीत.
वाट बघून बघून ठोकळे तिरके झालेत,
त्यांच्या आडोशाला कुणी थर्मास उघडतं.

ओहोटी लांब गेलेली. पट्टा सोडते
आणि तेरातली निदान नऊ वर्षं
त्याच्या अंगावरून वाळूसारखी झडतात.
पाण्याच्या कडेला काळी रेघ,
खाणींतून सुटलेला, लाटांनी घासून गोल केलेला कोळसा.
यासाठी विल्फ यायचा सायकल ढकलत,
दांडीवर पोतं, मागे हा.

चौथ्या ठोकळ्याशी रिव्हेट थांबतो.
ये म्हटलं. हॉवे म्हटलं. चिकन दाखवलं.
वाऱ्याकडे पाठ करून तो बसून राहतो
शेजारी बरोबर एका माणसाची जागा सोडून.

इतके रविवार मी पट्टा ओढला.
आज त्या जागेत बसले.
सिमेंट जीन्समधून हाडापर्यंत गार.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
बऱ्याच वेळाने ओलं, मासळीच्या वासाचं एक अंग
माझ्या मांडीला टेकलं,
सगळं वजन नाही. निम्मं.

संध्याकाळी होममध्ये विल्फ मला
"सिस्टर" म्हणाला, उशी नीट करायला सांगितली.
मी केली. खिशातला कोळसा
त्याच्या तळहातावर ठेवला.
अंगठ्याने त्याने तो घासला, हुंगला.
"ओला आहे. आठवडाभर वाळव, नाहीतर नुसता धूर."
मग, "पाणी किती वाजता उतरलं होतं?"

"अकरा चाळीसला."

ओठ हलले, बोटांवर काहीतरी मोजलं,
"मग येत्या रविवारी त्या वेळेला भरती.
संध्याकाळकडे जा, पाच-साडेपाचला."
माझ्या बाहीवरचा एक पांढरा केस
चिमटीत धरून त्याने उजेडाकडे नेला,
बराच वेळ पाहिला, परत बाहीवर ठेवला.

"कुत्रा असेल तुझ्याकडे," म्हणाला,
"तर घेऊन जा."