उशी

"चला, उभे राहू या," अमोलिक पाळक म्हणतात
आणि मंडळी उठते.
साड्यांची सळसळ, कुणाची तरी किल्ली पडते,
बाक एकदम हलके होतात.
मी बसूनच.
पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून,
होडीचा काठ धरावा तशी.

मागून कुजबुज येते, "काऊन उठत नाही हो हे?
दिसते तर चांगली धडधाकट."

दिसते खरी.
काठी नाही, पट्टी नाही, टाक्याची खूण नाही.
धंतोलीचे डॉक्टर म्हणाले,
कानाच्या आत, गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत
पाणी वाढतं तुमचं.
मला हसू आलं होतं.
मे महिना, नागपूर,
नळाला नाही ते पाणी माझ्या कानात!

ते पाणी उठलं की
सदरचा उड्डाणपूल कुशीवर वळतो,
छताचा पंखा पायाखाली फिरतो,
आणि डोक्यात एक कूलर घरघरत राहतो
ज्याचं बटण कोणत्याच भिंतीवर नाही.
एका रविवारी लिबर्टी चौकात
विजेच्या खांबाला मिठी मारून उभी होते.
ऑटोवाला म्हणाला, "सकाळीच घेतली काय मॅडम?"
ओठांवर प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाची चव होती अजून.
नाही तरी कशी म्हणू?

मग ती कामठी रोडची सभा.
मांडव, हॅलोजन, बाहेरगावचे प्रचारक.
त्यांनी माझ्या कानावर तळहात ठेवला
आणि इतक्या जोरात ओरडले
की होतं तेवढंही ऐकू येईना.
"बरं वाटतं ना, ताई?"
माईक माझ्या तोंडाशी.
समोर पाचशे माणसं श्वास रोखून.
मी म्हणाले, हो.

टाळ्या वाजल्या.
घरी येऊन ओकले.
पुढचे तीन रविवार गेले नाही कुठे.
आजाराचं नव्हतं एवढं ओझं
जेवढं त्या एका "हो"चं.

आणि मग ती रात्र, न्हाणीघरातली.
फरशीवर गाल टेकून पडले होते,
बादली माझ्याभोवती फिरत होती की मी बादलीभोवती,
प्रार्थनेला एक शब्द सापडेना.
आठवलं ते भलतंच.
रविवारच्या शाळेतलं चित्र, रंग भरायचं.
वादळ, होडी, घाबरलेले बारा जण.
मी सगळ्या लाटा निळ्याभोर केल्या होत्या,
आणि एस्तेरबाई म्हणाल्या होत्या,
"अगं, उशी राहिली."
कोणाची उशी?
"त्याचीच की. झोपलाय ना तो मागे."
माझ्याकडे नारिंगी खडू तेवढा उरला होता.

आजवर मीही त्याला हलवून हलवून उठवत आले होते,
ऊठ, बुडते मी, तुला काहीच कसं नाही?
त्या रात्री नाही उठवलं.
म्हटलं, झोप तू.
फक्त थोडा सरक,
त्या नारिंगी उशीचं एक टोक मला दे.

वादळ थांबलं नाही. खोटं कशाला सांगू,
एकदा सांगून झालंय.
फरशी पहाटेपर्यंत हलत होती.
पण हलत्या फरशीवर मला झोप लागली,
तीन वर्षांत पहिल्यांदा, न घाबरता.

पाळकांना जाऊन सांगितलं त्या "हो"बद्दल.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
म्हणाले, "चहा घेणार?"
घेतला. बिनसाखरेचा निघाला, तोही प्यायले.

आज पुन्हा तेच, "चला, उभे राहू या."
विसरतात ते. विसरू देत.
सगळे उभे राहिले की
मला वेदी दिसत नाही, पाठीच पाठी दिसतात,
घामाने भिजलेल्या, एखादी वाकलेली,
एक, जिचा डावा खांदा सारखा थरथरतो.
कोणाच्या आत काय फिरतंय, कोण सांगणार!

शेजारी बाकावर कुजबुजवाल्या बाईंची नात
गीताच्या दुसऱ्याच कडव्याला झोपी गेली.
डोकं घसरत घसरत माझ्या मांडीवर आलं.
जमीन किंचित कलली, नेहमीसारखी.
मी काठावरचा एक हात सोडला
आणि तिच्या केसांवर ठेवला.
धरायला दुसरा पुरला.