बॉनेट गरम होतं

सगळ्यात आधी मी हातमोजा काढला
आणि बॉनेटवर तळवा ठेवला.
गरम.
बाहेर उणे अठ्ठावीस, दा खुरेच्या बाजारात
माणसांच्या पापण्यांवर श्वास गोठलेला,
आणि ही पांढरी प्रियस मात्र
नुकतीच न्हाऊन बसल्यासारखी.
म्हणजे मी यायच्या आधीच कुणीतरी हिला उठवलंय,
सकाळचा खोकला काढून टाकायला लावलाय.
मी काही बोलले नाही.

शागदर बोलत होता. माझ्याशी नव्हे,
माझ्या भाच्याशी, तेमुलेनशी,
ज्याला सायकलचं पंक्चरही काढता येत नाही.
'एकच मालक, जपानी, म्हातारा शिक्षक,
रविवारी तेवढी बाजाराला न्यायचा.'
या बाजारातल्या सगळ्याच गाड्या म्हाताऱ्या शिक्षकांच्या.
तिथली पोरं केवढी हुशार असतील!
समोरच्या कप्प्यात निळ्या माशाची केसांची पिन होती.
शिक्षकाची असेल.
भाचा मान डोलावत होता.
मी एकवीस वर्षं या शहरात ट्रॉलीबस चालवली
हे त्याने सांगितलं नाही, मीही नाही.
झाकली मूठ शागदरची एक, माझी एक.

लिलावाचा कागद त्याने वाचून दाखवला,
न कळणाऱ्या अक्षरांवरून बोट फिरवत.
तिसऱ्या ओळीवर बोट जरा घाईने सरकलं.
ती घाई मी ओळखते:
दिवा लाल व्हायच्या आत
चौक ओलांडणाऱ्याची.

मग मी बर्फात गुडघे टेकले.
चाकावरच्या पत्र्याला आतून नख लावलं,
पापुद्रा निघाला, तपकिरी, बिस्किटासारखा,
त्याखाली पांढरी भुकटी.
बोट जिभेला लावलं.
खारट.
आमच्या चहाचं मीठ असं नसतं,
हे जुनं, कडवट,
पत्र्यात मुरलेलं.
समुद्र मी पाहिलेला नाही.
देशांच्या वाटण्या झाल्या तेव्हा आमच्या वाट्याला तो आला नाही.
आज आला, बोटाच्या पेरावर मावेल एवढा.

बटण दाबलं. आवाज नाही, नुसता दिवा.
पडद्यातली बाई जपानीत काहीतरी म्हणाली, फार आदबीने.
नकाशावर आम्ही कुठेच नव्हतो,
रस्ता नसलेल्या निळ्यात उभे होतो
आणि ती तरीही वाट सांगत होती.

'एक कोटी चाळीस लाख,' शागदर भाच्याला म्हणाला.

एकवीस वर्षं माझ्या डोक्यावर दोन तारा होत्या.
तारा वळतील तिथे मी वळायचे.
दांडा निसटला की खाली उतरायचं,
थंडीत दोर ओढायचा,
मागे शंभर भोंगे, त्यात याचाही असेल एखादा.
मला एकदा, एकदाच,
तार नसलेल्या बाजूला वळायचंय.
पण ही गोष्ट गाडीवाल्याला सांगायची नसते.
सांगितली की भाव वाढतो.

'उद्या सकाळी सहाला येते,' मी म्हणाले,
'तोवर हिला हात लावू नकोस.'
त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.
'सहाला बाजार बंद असतो, ताई.'
'म्हणूनच.'

रात्री दोनदा उठले. पासबुक उघडलं, मिटलं.
आकडे तेच होते.

सहाला अजून अंधार.
फाटकावरच्या म्हाताऱ्याने नाव न विचारता आत सोडलं.
गाडीवर रात्रीचा बर्फ, अभंग.
पण बाजूला बुटांचे ठसे होते, मोठे, ताजे.
ते दरवाजापर्यंत आले होते,
तिथे बराच वेळ पाय आपटत उभे राहिले होते,
एक सिगारेट संपवली होती,
आणि परत फिरले होते.

मी हातमोजा काढला.
बॉनेट इतकं थंड
की हात उचलताना कातडी मागे राहील.

शागदर येईपर्यंत मी हिशेब केला:
एक कोटी चाळीस.
त्यातून समुद्राचे पंधरा लाख वजा.
परत फिरलेल्या पावलांचे
दोन लाख जमा.